लहान मुलांचे पॉडकास्ट: दीड वर्ष रोज गाडीत ऐकल्यावर काय वाटतं

आमच्या मराठी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की लहान मुलांसाठी चांगले पॉडकास्ट सांगा ना, आणि मी दर वेळी घाईघाईत दोन नावं टाकून मोकळी होते, म्हणून या वेळी नीट बसून लिहितेय. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो, लेक साडेपाच वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. सकाळी डेकेअरला जाताना पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी परत येताना ट्रॅफिक धरून चाळीसेक मिनिटं आम्ही तिघं गाडीत असतो. गेलं दीड वर्ष हा सगळा वेळ पॉडकास्टचा आहे, त्यामुळे एकेक एपिसोड तीनतीनदा ऐकून झालाय आणि काय चालतं काय नाही हे बऱ्यापैकी कळलंय.

सुरुवात झाली टॅबलेटवरून. इथे थंडीत साडेचारलाच अंधार पडतो, मुलं दमलेली, मी दमलेली, मग गाडीत बसल्यावर हातात टॅबलेट द्यायचा आणि घरी पोचल्यावर तो काढून घेताना रोज रडारड, अक्षरशः ओढाओढ, पार्किंगमध्ये शेजारी बघतायत आणि धाकटा जमिनीवर लोळतोय. वार्षिक चेकअपला डॉक्टरांनी स्क्रीन टाइम विचारला तेव्हा मी खरा आकडा सांगितला आणि मलाच तो ऐकून कसंतरी झालं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2016 मध्येच सांगून ठेवलं होतं की 2 ते 5 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासाच्या वर स्क्रीन नको, तोही चांगल्या कार्यक्रमांचा आणि शक्यतो मोठ्यांनी सोबत बसून. आमचं कोष्टक यात कुठेच बसत नव्हतं. त्या आठवड्यात टॅबलेट माळ्यावर गेला आणि गाडीच्या स्पीकरवर पहिल्यांदा मुलांचा पॉडकास्ट लागला.

पहिला लावला तो सर्कल राउंड, आणि आजही कुणी एकच नाव सांग म्हटलं तर मी हेच सांगीन. हा बॉस्टनच्याच डब्ल्यूबीयूआर या पब्लिक रेडिओ स्टेशनचा, 2017 पासून चालू आहे. रेबेका शीर म्हणून एक बाई सांगतात आणि संगीत एरिक शिमेलोनिस यांचं. जगभरातल्या लोककथा घेऊन त्यांचं छोटं नाटक करतात, पात्रांना खरे नट आवाज देतात, एक गोष्ट साधारण दहा ते वीस मिनिटांची, म्हणजे आमच्या सकाळच्या फेरीत अगदी फिट्ट बसते. 4 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे असं समजा. मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर त्यांचा वेग. बाई घाई करत नाहीत. एखाद्या पात्राला निर्णय घ्यायचा असतो तिथे जरा थांबतात, विचारतात की तुम्ही असता तर काय केलं असतं, आणि त्या थांब्यात माझी लेक मागच्या सीटवरून खरंच उत्तर देते, मोठ्याने. टॅबलेट बघताना ही पोरगी तोंडातून चकार शब्द काढत नव्हती हो, तोंड उघडं ठेवून नुसती बघत बसायची.

गोष्ट संपली की मुलांना काहीतरी करायला सांगतात, चित्र काढ, घरातल्या मोठ्या माणसाला अमुक विचार, तुझ्यावर असा प्रसंग कधी आला होता ते आठव. आणि प्रत्येक गोष्टीत एखादं वाद्य मुख्य असतं, शेवटी एरिक त्या वाद्याबद्दल सांगतात आणि वाजवून दाखवतात. वेबसाइटवर एपिसोडचं रंगवायचं चित्र असतं, ते प्रिंट काढून ठेवायचं. आमच्या फ्रिजवर आता जागा नाही.

आता जी गोष्ट मला खरं तर सांगायची आहे ती. गेल्या वर्षी माझी आई सांगलीहून सहा महिने आली होती. तिला इंग्लिश कळतं पण अमेरिकन उच्चार भराभर आले की सुटतं. पहिल्या आठवड्यात ती गाडीत गप्प बसायची. मग एकदा सर्कल राउंडची गोष्ट चालू असताना तिने विचारलं, अगं आता काय म्हणाली ती? आणि लेकीने मला गोष्ट थांबवायला लावली आणि आजीला मराठीत सांगायला लागली. मोडकंतोडकं, अर्धे शब्द इंग्लिश, पण सांगत होती. "आजी, तो ना, तो राजा ना, तो शेअर नाही करत." आजी म्हणाली, "वाटून खात नाही म्हण की." "हां, वाटून खात नाही." मग परत प्ले. दोन मिनिटांनी परत थांबवायचं. वीस मिनिटांची गोष्ट संपायला आम्हाला तीन दिवस लागायला लागले आणि मी सांगते, मराठी शाळेत दर रविवारी नेऊन जे होत नव्हतं ते त्या तीन दिवसांत होत होतं, कारण आजीला गोष्ट कळायला हवी ही लेकीची स्वतःची गरज झाली. ती मागे लागून शब्द विचारायची. थ्रोनला मराठीत काय म्हणतात, कंजूस म्हणजे काय, रुसणं आणि रागावणं यात काय फरक आहे. एका इंग्लिश कार्यक्रमामुळे माझ्या मुलीचं मराठी सुधारलं.

गोष्ट संपल्यावर आजीचा नंबर. बहुतेक वेळा ती म्हणायची, थांब, अशीच एक आपल्याकडे आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी तर इतक्यांदा झाली की धाकटासुद्धा टुणुक टुणुक करत घरभर फिरायचा. एक दिवस पार्कमध्ये तो तसाच उड्या मारत होता तेव्हा तिथल्या एका इराणी आजींनी विचारलं हे काय चाललंय, आणि मी गोष्ट सांगायला लागले तर त्यांनी पुढची स्वतःच पूर्ण केली, कारण त्यांच्याकडेही गडगडत जाणाऱ्या भोपळ्याची आणि त्यात लपलेल्या म्हातारीची हीच गोष्ट आहे, लांडगा वाघ सिंह सगळे. दोन्ही आज्यांना एकमेकींची भाषा येत नाही, पण त्या दिवशी बाकावर बसून त्यांनी हातवारे करत अख्खी गोष्ट जुळवली. लोककथा अशा देशोदेशी फिरतात हे सर्कल राउंडमध्ये सारखं ऐकू येतं, भारतातल्याही गोष्टी असतात त्यात, आणि आमच्या मुलांनी ते पार्कमध्ये डोळ्यांनी बघितलं.

दुसरा मोठा शो म्हणजे ब्रेन्स ऑन. हा विज्ञानाचा, मिनेसोटाहून येतो, 2012 पासून चालू आहे, म्हणजे मुलांचे पॉडकास्ट ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नव्हती तेव्हापासून. मॉली ब्लूम मुख्य निवेदिका आणि प्रत्येक एपिसोडला तिच्याबरोबर एक खरं मूल सहनिवेदक असतं, दर वेळी वेगळं. हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. मोठा माणूस समजावून सांगतोय आणि मूल नुसतं ऐकतंय असं न होता ते मूल शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतं, अडतं, चुकतं, मग हसतं. माझी लेक म्हणते, ती पण मुलगीच आहे ना, मग तिला कसं कळलं? मी म्हटलं तिलाही कळलं नव्हतं, तिने विचारलं.

त्यात मध्येच एक मिस्टरी साउंड असतो. एक आवाज वाजवतात, ओळखा म्हणतात, मुलं अंदाज करतात, आणि उत्तर लगेच सांगत नाहीत, जरा वेळाने परत तो आवाज वाजवून मग सांगतात. हा प्रकार आमच्या घरात इतका घुसला की सांगता सोय नाही. लेकीने आजीला डोळे मिटायला लावायचं आणि किचनमधली एकेक वस्तू वाजवायची. मग आजीची पाळी आली आणि आजीने तर कमालच केली, कारण तिच्याकडे आवाजांचा खजिना होता. नारळ खवणीवर खवतानाचा आवाज. खलबत्त्यात वेलदोडा कुटतानाचा. रवीने ताक घुसळतानाचा, तो तर पोरीला ओळखूच येईना, ती म्हणाली पाण्यात कुत्रा पोहतोय. सोऱ्यातून शेव पडताना सोऱ्याच्या दांड्याची करकर. फोडणीत आधी मोहरी तडतडते आणि मग कढीपत्ता टाकला की चर्र होतं, हे दोन वेगळे आवाज आहेत हे मी चाळीस वर्षांत कधी नीट ऐकलं नव्हतं, ते मला माझ्या पाच वर्षांच्या मुलीने डोळे मिटून दाखवलं. आणि शब्द बघा किती आले त्यातून, तडतड, करकर, खरखर, खळखळ, मराठीत तर आवाजाला शब्दच शब्द आहेत. हे शिकवायला बसले असते तर जमलं नसतं.

आवाज म्हणजे कंप हे ऐकून झालं त्या संध्याकाळी आम्ही स्ट्रॉची पिपाणी केली. स्ट्रॉचं एक टोक दाबून चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरपं कापून टोकदार करायचं, तोंडात धरून फुंकायचं, आणि मग वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाने कात्रीने कापत जायचं, स्ट्रॉ जशी आखूड होते तसा आवाज बारीक होत जातो. पुण्यात खूप वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या वेबसाइटवर अशा गोष्टी फुकट आहेत, मराठीतही आहेत. ऐकलेलं लगेच हाताने करून बघितलं तर मुलांच्या डोक्यात राहतं. पुढच्या दिवशी डेकेअरच्या बाईंना तिने सगळं सांगितलं म्हणे, कागदी स्ट्रॉ ओली होते म्हणून चालत नाही हेसुद्धा.

तिसरा बट व्हाय. व्हर्माँटच्या पब्लिक रेडिओचा, जेन लिंडहोम चालवतात, 2016 ला सुरू झाला. याचं सगळं मुलांच्या प्रश्नांवर उभं आहे. मूल आपलं नाव, वय, गाव सांगून फोनवर प्रश्न रेकॉर्ड करतं, आईबाबांनी तो ईमेल करायचा, आणि त्यातले निवडून त्या विषयातल्या माणसाला विचारतात. जगभरातून प्रश्न येतात. इतर शोंपेक्षा हा शांत आहे, झोपायच्या आधी चालतो. शिवाय वेबसाइटवर एपिसोड लिहिलेल्या रूपातही मिळतात, वाचायला लागलेल्या मुलांना ऐकताना सोबत वाचता येतं.

आम्हीही प्रश्न रेकॉर्ड केला, पावसाचा वास कुठून येतो. नऊ वेळा रेकॉर्ड केला कारण दर वेळी गावाचं नाव सांगताना ती अडखळायची, मग एकदा जमलं आणि तिने स्वतः सेंडचं बटण दाबलं. उत्तराची वाट बघत न बसता आम्ही शोधलं सुद्धा. मातीतले बारीक जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पावसाचा थेंब कोरड्या जमिनीवर पडला की मातीत अडकलेल्या हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि तो वास बारीक तुषारांबरोबर हवेत उडतो, हे बॉस्टनशेजारच्या एमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी 2015 मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने टिपलं, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. इंग्लिशमध्ये या वासाला पेट्रिकोर म्हणतात, तो शब्द ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये बनवला. आणि आपल्याकडे केवढा सुंदर शब्द आहे, मृद्गंध. लेकीला पेट्रिकोर म्हणता येत नाही पण मृद्गंध अगदी स्पष्ट म्हणते, आजीने शिकवला ना.

वाव इन द वर्ल्ड आणि टंबल हे दोन पटकन सांगते. वाव इन द वर्ल्ड मिंडी थॉमस आणि गाय रॉझ यांचा, मे 2017 मध्ये आला, एनपीआरचा, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओचा, मुलांसाठीचा पहिला पॉडकास्ट. नवीन संशोधन घेऊन त्याची धमाल साहसकथा करतात, आवाज खूप, दंगा खूप, सहा-सात वर्षांच्या मुलांना वेड लावतो. संध्याकाळी चिडचिडलेली मुलं असतील तर हा लावते, सकाळी नाही. टंबल म्हणजे शास्त्रज्ञांशी गप्पा, छोटे एपिसोड, आणि त्याची एक गोष्ट मला फार भावली की त्यांनी स्पॅनिशमध्येही वेगळी मालिका केली आहे. माझ्या मनात येतं की असं मराठीत का नको. मराठीत ऐकायला गोष्टी आहेत, चांगल्याही आहेत, पण नांदेडच्या सात वर्षांच्या मुलाने आपल्या आवाजात विचारलेला प्रश्न, आणि त्याला उत्तर देणारी मराठी बोलणारी भूगर्भशास्त्रज्ञ, दर आठवड्याला, नियमाने, असं काही मनापासून हवंय. आपल्याकडे माणसं आहेत, प्रश्न विचारणारी मुलं तर ढीगभर आहेत.

आता न आवडलेलं. एका बऱ्याच नावाजलेल्या शोमध्ये, नाव घेत नाही, जाहिराती निवेदकाच्याच आवाजात येतात, त्याच लाडिक सुरात. मोठ्या माणसाला कळतं की आता जाहिरात लागली. पाच वर्षांच्या मुलीला कसं कळणार? ज्या काकांनी आत्ता ज्वालामुखी समजावला तेच काका म्हणतायत की अमुक खाऊ छान आहे, मग तो छानच असणार. दुकानात तिने तो डबा हातात धरून मला ज्वालामुखीवाल्या काकांचं नाव सांगितलं तेव्हा मी चिडले, तिच्यावर नाही, त्या प्रकारावर. लहान मुलांच्या कार्यक्रमात हे व्हायला नको, निदान जाहिरातीआधी वेगळा आवाज, एक घंटा, काहीतरी खूण हवी. आम्ही आता तो शो ऐकत नाही.

दुसरं, अ‍ॅप. मी जे अ‍ॅप आधी वापरायचे त्यात एक एपिसोड संपला की ते आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावायचं. एकदा मी हायवेवर असताना गोष्ट संपली आणि थेट खुनाच्या तपासाचा मोठ्यांचा कार्यक्रम सुरू झाला, मला बंद करायला दोन मिनिटं लागली, तेवढ्यात ऐकायचं ते लेकीने ऐकलं आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढचं वाजणं बंद करा, एपिसोड घरूनच डाउनलोड करून त्यांची वेगळी यादी करून ठेवा, आणि नवीन शो असेल तर पहिला एपिसोड एकटीने ऐकून बघा, भांडी लावताना होतो ऐकून. हेडफोन मी देत नाही. कानाचं एक कारण, आणि दुसरं म्हणजे हेडफोन घातला की ती एकटीच ऐकते, मला कळत नाही ती कुठे हसली, कुठे घाबरली, आणि थांबवून विचारायची सगळी गंमत जाते.

तीन वर्षांच्या धाकट्याबद्दल खरं सांगायचं तर अजून नाही. चारपाच मिनिटं ऐकतो, मग खिडकीबाहेर ट्रक मोजतो. त्याला ताल लागतो, त्याच त्या ओळी परत परत लागतात. जबरदस्ती करू नका, ताईचं ऐकत ऐकत त्याच्या कानावर पडतंय तेवढं बास आहे.

सांगलीत माझ्या वहिनीने तिच्या आठ वर्षांच्या मुलाला ब्रेन्स ऑन लावून दिला तर पहिल्या दिवशी त्याला काही कळेना, बोलणं फास्ट आणि उच्चार परके. मग तिने स्पीड कमी करून 0.8 वर ठेवला, एका वेळी पाचच मिनिटं, आणि आधी विषय मराठीत सांगून टाकायचा की आज मुंग्यांबद्दल आहे, काय काय असेल बघू. महिन्याभरात गाडी रुळावर आली. मराठी माध्यमातला मुलगा आहे, इंग्लिश कानाला लागायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही, फुकटच आहे म्हणा. पण तिने सोबत बसून केलं हे लक्षात घ्या, फोन हातात देऊन ती स्वयंपाकाला गेली असती तर त्याने पाचव्या मिनिटाला गेम लावला असता.

एक वस्तू पण सांगते, योटो प्लेअर. छोटासा ठोकळा, स्क्रीन म्हणावी तर टिकल्या टिकल्यांची नक्षी दिसते एवढीच, त्यात कार्ड सरकवलं की गोष्ट वाजते, मूल स्वतः हाताळू शकतं. त्यात कोरी कार्डं मिळतात, आपला आवाज भरायची. आई जायच्या आधी शेवटच्या पंधरा दिवसांत मी रोज रात्री तिच्या उशाशी फोन ठेवून तिच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या. मागे हीटरची घरघर येते, एकदा धाकटा मध्येच रडतो, एका गोष्टीत आजी सांगता सांगता पेंगते आणि लेक म्हणते, आजी, पुढे. ते काहीच मी कापलं नाही. अकरा गोष्टी झाल्या. कार्डावर लेकीने स्वतः आजीचं चित्र काढलंय, चष्मा आणि अंबाडा, आणि रोज झोपताना आधी ते कार्ड, मग बट व्हाय.

आई परत गेल्यालाही आता चार महिने झाले. मिस्टरी साउंड थांबलेला नाही, फक्त आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. आज सकाळी आलेला आवाज आधी टक्, मग लांबलचक खरखर, मग परत टक्. लेक म्हणतेय शटर, मी म्हणतेय पाटा-वरवंटा, धाकटा म्हणतो ट्रक. तिघांचे अंदाज रेकॉर्ड करून पाठवले. आईचं उत्तर आलं, "तिघंही चुकलात. उद्या सांगते."